दोरी नसलेलं विमान

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला चौथीपर्यंत जेवढं समजलं तेवढंच. चुकलं असेल तर माफ करावं. असं कुणाला म्हणते आहे तेही कळत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं आहेत, छाती, कंबर, बाहीची उंची. मागच्या पानापासून मी हे लिहिते. मापं पुढून येताहेत, मी मागून. कुठेतरी मध्ये गाठ पडेल.

मार्गशीर्ष लागला की गावाबाहेरच्या गुऱ्हाळांचा वास आमच्या गल्लीपर्यंत येतो. उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला ऊस सांडत जातात. सकाळी धुकं इतकं खाली उतरतं की समोरच्या घराचा कट्टा दिसतो, घर दिसत नाही. सगळ्यांना हे दिवस आवडतात. मला मात्र गेल्या वर्षापासून एक खोड लागली आहे. वारा पडला, की मी मशीनवरचा पाय काढते आणि ऐकते. लांबून भुंग्यासारखा आवाज येतोय का. तो आवाज वाढत जातो आणि मग एकदम तुटतो. तुटल्यानंतरची शांतता आवाजापेक्षा जास्त ऐकू येते.

तो आवाज मामंजींच्या इंजिनाचा. मामंजी म्हणजे माझे सासरे, आमच्या ह्यांचे आण्णा. जन्मभर उद्यमनगरात लेथवर उभे राहिले. हाताच्या रेषांत तेलाची काळी कड होती, ती निवृत्त झाल्यावरही गेली नाही. मी या घरात आले तेव्हापासून आमच्यात दोनच वाक्यं होती. "चहा ठेवलाय" आणि "जेवायला वाढलंय." डोक्यावरचा पदर सावरून मी सांगायचे, ते हुं म्हणायचे. वर्षं गेली अशी. भांडण नव्हतं. बोलायचं काय, हा प्रश्न होता, आणि मला तर कुणाशीच बोलता येत नाही. गिऱ्हाइकाला गळा केवढा ठेवू हे विचारतानाही मी टेपकडे बघते.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता डॉक्टरांनी सांगितलं की मामंजींची नजर कडेनं गेली आहे, हळूहळू मधूनही जाईल. दुसऱ्या दिवशी दुपारी, आमचे हे टेंपो घेऊन गेल्यावर, मामंजींनी माळ्यावरची ट्रंक उतरवली. आत तेलकट कापडात गुंडाळलेलं लिंबाएवढं एक इंजिन होतं आणि तीन मोठे कागद. त्यांनी ते माझ्या मशीनसमोर फरशीवर अंथरले.

विमानांचे नकाशे होते ते. तरुणपणी रद्दीच्या दुकानात परदेशी मासिकांत त्यांना सापडलेले. विमानं त्यांच्याहूनही जुनी, त्यांच्या वडिलांच्या काळातली. आताची विमानं हातातल्या डबीवर चालतात, बटण दाबलं की वळतात, बटण दाबलं की उतरतात, हे त्यांनीच मला सांगितलं. या जुन्यांना तसलं काही नाही. पातळ काड्यांचा सांगाडा, वर पतंगाच्या कागदासारखा कागद, नाकात इंजिन. टाकीत चमचाभर तेल. ते संपलं की इंजिन बंद, मग विमान आपलं आपण गोल गोल उतरतं.

"सोडलं की सोडलं," ते म्हणाले. "ह्यातलं एक करायचंय, दिसतंय तवर. उचल तुला आवडंल ते."

मला का विचारलं, ते मी विचारलं नाही. एकाला दुमजली पंख होते. एक आखूड होतं, बेडकासारखं बसलेलं. तिसरं लांब, बगळ्यासारखं, पंखांची टोकं जराशी वर उचललेली. मी ब्लाऊजचा नमुना बघते तसं बघितलं. कापायला कुठलं सोपं, शिलाई कुठे कमी. आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हेच का?"

"ह्याला जोड कमी आहेत," मी म्हणाले.

मामंजींनी कागदाची कड बोटानं सपाट केली. मग म्हणाले, "तीबी हेच म्हणाली हुती. जोड कमी."

ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं आहे. आमच्या ह्यांना त्या नीट आठवत नाहीत, इतके ते लहान होते. मी जिच्यावर शिवते ती मशीन त्यांचीच. पायडलवर एका बाजूला लोखंड घासून खोलगट झालं आहे, तिथे माझा पाय पहिल्या दिवसापासून बरोबर बसला. ते मला तोवर बरं वाटायचं.

त्या दुपारी त्यांनी सगळं सांगितलं, सलग, एखाद्या यंत्राचं काम सांगावं तसं. लग्नानंतर काही वर्षांनी त्या दोघांनी हेच विमान केलं होतं. इंजिनं त्यांनी कारखान्यात सुट्टीच्या दिवशी दोन बनवली, एक विमानाला, एक जोडीला. कागद सासूबाईंनी चढवला. कागलच्या पलीकडच्या माळावरून, असंच उसाच्या हंगामात, सोडलं. ते वर गेलं आणि आलंच नाही. चार दिवस हिंडून शोधलं. पाचव्या दिवशी सासूबाईंना ताप भरला. त्यांनी त्या वर्षीची संक्रांत बघितली नाही.

मला म्हणायचं होतं, मग दुसरं उचलते, ते बेडकासारखं चालेल. पण एकदा उचललेलं खाली ठेवायला तोंड लागतं. मी मशीनचं चाक हातानं फिरवत बसले.

लाकूड पुण्याहून मागवावं लागलं, कागदाहून जरा जड एवढंच. सगळं मिळून अठराशे झाले. पेन्शन येते ती ह्यांच्या हातात जाते, मामंजींकडे चहापाण्यापुरतं राहतं. मी शिलाईच्या डब्यातून काढून दिले आणि राहू द्या म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"तिचं पैसं घेतलं हुतं आन दिलं न्हाईत. म्हणून ते आलं न्हाय. तुझं फिटल्याबिगर ह्ये हातातनं सोडायचं न्हाय."

कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर हसले असते. त्यांच्या तोंडाकडे बघून हसू आलं नाही. तेव्हापासून ते जसे हाती येतील तसे, कधी शंभर, कधी चाळीस, टाचण्यांच्या डब्यात टाकायचे. मी दिवेलागणीला मोजायचे. मला हिशोब नको होता. ते विमान परत येण्याची काहीतरी सोय होते आहे, हे बघायला बरं वाटायचं.

आमच्या ह्यांना कळल्यावर त्यांनी जेवता जेवता टोमणा मारला. म्हणाले, म्हाताऱ्याचे डोळे जायला लागले आणि आता त्याला आभाळ दिसायला लागलं. "दहा रुपयाचा पतंग आणून देतो की. तेला निदान दोरी तर असती."

"म्हणूनच नको," मामंजी म्हणाले आणि भाकरी मोडली.

काम दुपारचं चालायचं. नकाशा फळीवर ताणायचा आणि त्यावरच काड्या ठेवून टाचण्यांनी पक्क्या करायच्या, डिंक वाळेपर्यंत. माझ्या ओळखीचं काम. पहिल्या दिवशी मी टाचणी टोचली तर ती सरकन आत गेली. दुसरी तशीच. मी कागद उचलून खिडकीसमोर धरला. सगळ्या रेघांच्या दोन्ही बाजूंनी उजेडाचे बारीक ठिपके होते, शेकडो. कुणीतरी आधी इथे टाचण्या लावल्या होत्या आणि त्या मी लावल्या असत्या तशाच, टाचणी जरा तिरकी, दोन बोटं सोडून एक. मामंजी म्हणाले होते कागद सासूबाईंनी चढवला. टाचण्याही त्यांच्याच होत्या. मी नवीन जागी टोचायचा प्रयत्न केला. थोड्या वेळानं बघते तर हात पुन्हा जुन्याच भोकांत जात होता.

नकाशात उजवा पंख तेवढा काढलेला असतो. डावा करायचा तर कागदाला तेल चोळायचं, म्हणजे रेघा पलीकडे दिसतात, आणि कागद उलटा पसरायचा. तेल लागल्यावर त्यावरची इंग्रजी अक्षरं उलटी दिसायला लागली. मला ती सुलटीही वाचता येत नव्हती, त्यामुळे फरक पडायला नको होता. तरी त्या बाजूला काम करताना घर आरशातलं असल्यासारखं वाटायचं, दार भलत्याच बाजूला.

पंखांच्या फासळ्या झाल्या. लाल कागद चढवला. त्यावर तोंडानं पाण्याची बारीक फवारणी केली की ढिला कागद वाळता वाळता ताणला जातो, ढोलकीच्या चामड्यासारखा. वाळताना तो टिकटिक करतो. भर दुपारी, घरात कुणी नसताना, मी काज करत बसलेली आणि माझ्या मागे ते टिकटिक करतंय, कुणी बोटं मोडावीत तसं. तुळईला टांगून ठेवलेलं ते वारा नसताना हळूच फिरायचं आणि ज्या बाजूला माणूस असेल तिकडे तोंड करून थांबायचं. मामंजी म्हणाले, माणसाच्या अंगाची ऊब असते, हवा हलते, एवढंच. मला ते पटलं. तरी मी जागा बदलून बसायचे.

इंजिनाच्या तेलात ईथर घालावं लागतं. बाटली उघडली की घरभर दवाखान्याचा वास. शेजारच्या मावशी दारात येऊन विचारून गेल्या, कोण आजारी हाय का. मी नाही म्हणाले. त्यांनी मामंजींकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, आणि परत गेल्या.

शेवटी बाजूला नाव-पत्ता लिहायचा होता. विमान लांब गेलं तर ज्याला सापडेल त्यानं कळवावं म्हणून. मामंजी म्हणाले, तू लिही, मला माझंच अक्षर दिसत न्हाय. मी चिठ्ठीवर तीन ओळी लिहिल्या, नाव, गल्ली, फोन. त्यांनी ती चिकटवून वर वार्निशचे तीन हात दिले. घराबाहेर जाणार असलेलं माझं तेवढंच अक्षर.

आणि वात. हे विमान उंच गेलं तर खाली आणायला एकच उपाय असतो. शेपटीला एक सुती वात अडकवून पेटवायची. ती सावकाश निखाऱ्यानं जळत येते, वेळ झाली की शेपटी बांधून ठेवलेला दोरा जळतो, शेपटी उभी राहते आणि विमान अंग टाकून खाली येतं. वाती मी वळल्या. त्यांनी त्या सोऱ्याच्या, म्हणजे फटाक्याच्या दारूतल्या क्षाराच्या, पाण्यात भिजवून वाळवल्या.

जायच्या सकाळी निघताना मामंजी म्हणाले, "तुझं सगळं फिटलं बरं का." मी आदल्या दिवशीच मोजले होते. साठ कमी होते. वय झालं, विसरले असतील. मी वाती पिशवीत टाकल्या. विमानाच्या नाकाकडची फळी त्यांनी स्वतः बसवली होती, हात लावू दिला नव्हता.

ह्यांनी आम्हाला टेंपोतून कागलपलीकडच्या माळावर सोडलं आणि ते पुढे कारखान्यात माल द्यायला गेले. जाताना म्हणाले, लवकर उडवा, म्हणजे लवकर परत. धुकं माळावरून उठत होतं. चहूकडे ऊस, तुरे आलेला, आणि त्यावर काही हलत नव्हतं. मामंजींनी नाकावरचा पंखा बोटानं फिरवला, पुन्हा फिरवला, आणि ते लिंबाएवढं इंजिन किंचाळायला लागलं. त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. नवरदेवासारखे दिसत होते, असं लिहायला लाज वाटते, पण तसे दिसत होते.

"वात लाव. फुंक मार, निखारा धरू दे."

मी काडी लावली. वात तोंडासमोर होती आणि माझ्याच्यानं फुंकवेना. दिव्याच्या वातीवर तोंडानं फुंकायचं नसतं. आईनं हातावर मारून शिकवलं होतं, आणि हात शिकतो ते डोक्यानं सांगून सोडत नाही. मी पदराच्या टोकानं वारा घातला. धूर आला. निखारा होता की नव्हता, मला दिसलं नाही.

"धरली का?" इंजिनाच्या आवाजाहून मोठ्यानं ते ओरडले.

"धरली," मी म्हणाले.

त्यांनी सोडलं. ते सरळ वर गेलं, लाल, आवाज घेऊन, गोल गोल. मग आवाज तुटला. त्यानंतर कानात काहीच नव्हतं.

"सांग. कुठं हाय?" मामंजींना एवढ्या उंचीवरचं दिसत नव्हतं. त्यांनी तोंड भलत्याच दिशेला वर केलं होतं. तेव्हा मी बोलायला लागले. या घरात आल्यापासून बोलले नसेन एवढं, मोठ्यानं. डावीकडे वळलं, मामंजी. आता उन्हात आलं, पंखातून ऊन दिसतंय. दोन घारी आल्या, त्याच्याबरोबर फिरताहेत. उतरत नाही. वर चाललंय. इंजिन बंद आहे तरी वर चाललंय. घारी आता खाली राहिल्या.

शेपटी उभी राहायची वेळ आली आणि गेली. मी बघत होते. ते कुंकवाच्या ठिपक्याएवढं झालं, मग टाचणीच्या डोक्याएवढं, पश्चिमेकडे, आणि मग आभाळात एक जागा राहिली, जिथे ते आत्ता होतं. मी "दिसतंय" म्हणाले. पुन्हा "दिसतंय" म्हणाले. म्हणायचं थांबले तर ते जाईल, असं वाटत होतं. किती वेळ म्हणत होते कुणास ठाऊक.

मामंजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

"पुरं. बस आता," ते म्हणाले. "वात इझली आसंल."

मी खरं सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

त्यानंतर मी तापाची वाट बघितली. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सासूबाईंनी हेच उचललं होतं, मीही हेच. त्यांच्या भोकांत मी टाचण्या लावल्या. मी रोज कपाळाला हात लावून बघायचे. अंगावरची कामं भराभर उरकली, कुणाचं कापड माझ्याकडे अडकू नये म्हणून. संक्रांत आली. मी तिळगूळ वाटला. संक्रांत गेली आणि मी होतेच.

शिवरात्रीच्या आधीची दुपार होती. मामंजी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. मी बाही लावत होते.

"ऐकू येतंय का गं?" ते म्हणाले.

मी पाय थांबवला. "न्हाय, मामंजी."

"मला येतंय," ते म्हणाले.

मी पुन्हा पाय मारला. बाही पुरी झाली तेव्हा त्यांचं डोकं खांद्यावर कललं होतं. चेहऱ्यावर ऐकणाऱ्या माणसाचं लक्ष होतं तसंच.

सासूबाईंनी उचललं तेव्हा त्या गेल्या, मी उचललं तेव्हा मामंजी गेले. मी नीट फुंकलं असतं तर काय झालं असतं, हे मी एका वर्षात कितीदा मनात करून बघितलं. प्रत्येक वेळी मनातसुद्धा माझं तोंड बंद राहिलं आणि पदर हलला.

आता पुन्हा गुऱ्हाळं पेटली आहेत. आठ दिवसांपूर्वी फोन आला. गारगोटी रस्त्यावरचे एक शेतकरी. पावणं, तुमचं काय इमान-बिमान हरवलंय का, म्हणाले. माझ्या हातातून फोन ह्यांनी घेतला. दोघं टेंपोतून गेलो.

ऊस दीड वर्षाचा होता, आत्ता तोडीला आलेला. गेल्या हिवाळ्यात ते उभ्या उसात उतरलं आणि आख्खा पावसाळा तिथेच राहिलं. तोडकऱ्यांना मधोमध सापडलं. टोळीतल्या बायकांनी कोयते खाली ठेवले आणि बांधावर जाऊन बसल्या.

"लाल कागूद, काड्या, दोरा आन जळकी वात," शेतकरी ह्यांना सांगत होते. "कुणीतरी करणी करून टाकलीय म्हणून अर्धा दिवस तोड बंद. शेवटी मीच गेलो. चिठ्ठी दिसली. अक्षर लागलं म्हणून फोन केला बगा."

अक्षर लागलं. मी जमिनीकडे बघत होते, पण ते मी ऐकलं.

बांधावर पोत्यावर त्यांनी ते ठेवलं होतं. कागद जवळजवळ सगळा गेलेला, फासळ्या उघड्या, इंजिनावर गंज. त्या बायका लांबून बघत होत्या. मी शेपटी उचलून बघितली. वात बोटाच्या पेराएवढी जळली होती आणि विझली होती. पुढची सगळी पांढरी होती, वळली तशी.

परत येताना हे गतिरोधकावर टेंपो अगदी हळू घेत होते. मध्येच म्हणाले, "आण्णांनी बघाय पायजे हुतं," आणि काच खाली केली.

घरी आणून मी ते मशीनवर ठेवलं. नाक जड लागत होतं. विमानाचा तोल साधायला नाकात वजन घालतात, शिसं घालतात, हे मामंजींनी सांगितलं होतं. हलवलं तर आत काहीतरी सरकलं. मी कात्रीच्या टोकानं ती फळी उचकटली. आत चिंधीची पुरचुंडी होती, माझ्याच कातरणातली, निळ्या ब्लाऊजची. ती त्यांच्या हातानं बांधलेली होती, लेथवाल्याची घट्ट गाठ. सोडवायला नखं लागली.

दहा रुपयांची नाणी होती. आतली ओल लागून काळवंडलेली. मी टाचण्यांचा डबा काढला. गेल्या वर्षापासून त्यातल्या पैशांना हात लावला नव्हता. एक एक नाणं पुसून आत टाकलं. सहा होती. अठराशे पुरे झाले.